भाषा तपासावी

मासिकाच्या शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली, एक फोन नंबर छापलेला असायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो लावला. दादा शेजारच्या खुर्चीत मांडीवर पाटी घेऊन बसला होता. फोन स्पीकरवर ठेव, असं त्यानं बोटानं खुणावलं. बोलायचं मी आणि ऐकायचं दोघांनी, असं ठरलं होतं, कारण दादाला बोलता येत नव्हतं. त्या वर्षी होळीच्या आधी नागपूरला त्याची जीभ आणि जबड्याचा उजवा भाग काढला होता.

दादा माझा थोरला भाऊ. फुलसावंगीकडच्या एका शाळेत मास्तर होता, घर उमरखेडला. मी लग्न होऊन पुण्याला गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. दिवाळीची सुट्टी मी माहेरी घालवायचे आणि दर सुट्टीत दादा विचारायचा, "यंदा तरी वणीले येतं का?" वणीहून शब्दकोड्यांचं एक मासिक निघतं. त्याचं ऑफिस त्याला बघायचं होतं. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. एवढ्या लांब एसटीत हाडं खिळखिळी करून कोड्यांचं मासिक बघायला कोण जातं, असं मला वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायचे. आता दादा नाही. माझ्या त्या शहाणपणाची मला चीड येते.

कोडी सोडवणारे पुष्कळ असतात, दादा कोडी बनवायचा. शाळा सुटली की चौकटींची वही, पेन्सिल आणि खर्रा घेऊन ओसरीत बसायचा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घालून घोटलेला. आमच्या जिल्ह्यात पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी कुणीतरी तो पुढे करतं. शब्द अडला की दादा चिमूटभर तोंडात टाकायचा, आणि त्याचे शब्द फार अडायचे. वहिनी भांडायची, मी फोनवरून भांडायचे. "शेवटची पन्नी हाय," असं तो दरवेळी अगदी मनापासून सांगायचा.

त्याची पुष्कळ कोडी त्या मासिकात छापून आली होती. मग एका कोड्यात त्यानं 'सांबार' हा शब्द घातला. तीन घरं. त्याचं सूत्र होतं, 'भाजी उतरवल्यावर वरून चिरून टाकतात'. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी पुण्याच्या मंडईत एक जुडी सांबार मागितला होता, तेव्हा भाजीवाली शेजारणीला हाक मारून हसली होती. संपादकांनी दादाचं सूत्र खोडलं आणि 'इडलीचा सोबती' असं छापलं. दादा फोनवर माझ्यावरच ओरडला, जणू मीच छापलं होतं. "आपल्या बापानं कधी इडली खाल्ली होती का वं?"

त्यानंतर तो इरेला पेटला. आडवे-उभे सगळे शब्द आपल्याकडचे, असं एक मोठं कोडं त्यानं बनवायला घेतलं. वावर म्हणजे शेत, बंडी म्हणजे बैलगाडी, फल्ली म्हणजे शेंग, उलसक म्हणजे जरासं, बयताड म्हणजे खुळा. काळी घरं बसेनात, शब्द एकमेकांत अडकेनात, पण त्यानं ते पुरं केलं. तीनदा पाठवलं, तीनदा परत आलं. सोबत दर वेळी एक चिठ्ठी, तिच्यावर दोन शब्द: 'भाषा तपासावी'. पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला! तिसरी चिठ्ठी आली तेव्हा त्याचं ऑपरेशन झालेलं होतं. ती वाचून त्याच्या गळ्यातून कसलातरी आवाज आला. तो हसला की रडला, हे वहिनीला कळलं नाही.

त्या दिवाळीला मी आले तेव्हा त्याच्या मानेला पुन्हा गाठ आली होती. तुकडा तपासायला गेला होता आणि रिपोर्ट गुरुवारी नागपूरला मिळणार होता. मी पिशवी खाली ठेवून टेकते न टेकते तोच त्यानं पाटी माझ्यासमोर धरली. 'या सुट्टीत वणीला जाऊ. कोडे मला स्वतःच्या हाताने द्यायचे आहे.' या वेळी पुढच्या वर्षी जाऊ म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या पाटीचा मला रागच यायचा. रंगीत मण्यांची, पोरांच्या शाळेतली पाटी. तिच्यावर दादा लिहायचा, 'मला पाणी हवे आहे.' 'खिडकी बंद कर.' 'उद्या लवकर उठव.' आयुष्यात दादा मला असं कधी बोलला नव्हता. तो म्हणायचा, मले पानी दे वं, नाईतर घशात काटे येऊन राह्यले. पण त्याचा हात मास्तरचा होता. पोरांनी वहीत 'मले' लिहिलं की लाल गोल करून त्याच्यावर 'मला' लिहायचं, हे त्या हातानं हजार वेळा केलं होतं. बोलायचं एक आणि लिहायचं एक, अशी आमची सगळ्यांचीच रीत. जिभेबरोबर त्याची निम्मी भाषाही त्या ऑपरेशनमध्ये गेली आणि पाठ्यपुस्तकासारखा बोलणारा कुणी परका माणूस आमच्या घरात राहायला आला. मी एकदा म्हणालेही, "दादा, बोलायचास तसं लिही ना." त्यानं लिहिलं, 'हात वळत नाही.'

माझं तरी काय वेगळं होतं? सासरी मी 'मले' म्हटलं की धाकटा दीर ताटावर हसायचा. एका वर्षात मी जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. माहेरी आले तरी तीच स्वच्छ जीभ घेऊन वावरायचे, आणि वहिनी मागून म्हणायची, बाई आल्या की घरात रेडिओ लागल्यावानी वाटते.

तर फोन. पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. "हॅलो, कोन बोलून राह्यलं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मीही चमकले. 'भाषा तपासावी' लिहिणारा माणूस हा असा बोलत असेल, असं आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी म्हणाले, "उमरखेडहून बोलतेय. माझा भाऊ तुमच्याकडे कोडी पाठवतो."

"उमरखेडचे मास्तर? अरे बाप्पा! ते तं आमचे जुने कोडेवाले. त्याइले द्या ना फोन."

दादानं झटकन पाटीवर लिहिलं, 'आजाराचे सांगू नकोस.' आणि खाली घाईघाईनं, 'मला कोडेकार म्हणून भेटायचे आहे.'

मी काय सांगणार होते? तोंडात आलं ते बोलून गेले. "त्याचा घसा बसलाय."

"थंडी पडून राह्यली ना. बुधवारी या मंग. बुधवारी मी दिवसभर बसूनच राह्यतो. अंकाचे प्रूफ येते त्या दिवशी."

फोन ठेवला. दादानं पाटी पुसली आणि 'घसा बसला' एवढंच लिहून माझ्याकडे धरली. त्याचे खांदे हलत होते. ऑपरेशननंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, म्हणून मला त्या थापेचा तेव्हा अभिमानच वाटला.

वहिनी मात्र भडकली. "बाई, यायले या अवस्थेत एष्टीत नेऊन राह्यल्या तुम्ही? कोड्यापायी?" तिचं काही चुकत नव्हतं. दादाच्या नाकात नळी होती, तीन तासांनी तिच्यातून पातळ पेज द्यावी लागायची. शेवटी असं ठरलं की बुधवारी वणी करून आम्ही दोघं तिथूनच नागपूरला जायचं, आणि गुरुवारी रिपोर्ट घ्यायचा. वहिनीनं पेजेचे दोन थर्मास भरले, सिरिंज उकळून पंच्यात गुंडाळली आणि मला दोनदा करून दाखवायला लावलं. निघताना दादानं तोंडाला दुपट्टा बांधला. त्याची गाठ तेवढी तिनं सोडून पुन्हा बांधली.

यवतमाळला गाडी बदलायची होती. तिथल्या स्टँडवर, पाण्याच्या टाकीमागे, मी पहिल्यांदा एकटीनं दादाला पेज दिली. तो भिंतीकडे तोंड करून बसला. एक बाई लेकराला घेऊन पाणी प्यायला आली आणि आम्हाला बघून तशीच मागे फिरली. पेज त्याच्या शर्टावर सांडली. मी पुसायला लागले तर त्यानं माझा हात बाजूला केला आणि स्वतः पुसलं. कोड्याचं पाकीट त्यानं शर्टाच्या आत ठेवलं होतं. ते ओलं झालं नाही ना, हे त्यानं आधी पाहिलं.

वणीत उतरलो तर रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि जिकडेतिकडे काळी धूळ. बायाबाप्ये, पोरीबाळी सगळ्यांनी तोंडं बांधलेली, फक्त डोळे उघडे. दादा स्टँडच्या दारात क्षणभर थांबला. कितीतरी महिन्यांनी तो अशा ठिकाणी उभा होता जिथे त्याच्याकडे वळून कुणी बघत नव्हतं. तो ताठ झाला आणि माझ्या पुढे चालायला लागला. मला त्याच्या मागे जवळजवळ धावावं लागलं.

ऑफिस म्हणजे संपादकांच्या घराची पुढची खोली. एक संगणक, गठ्ठे, पोस्टकार्डांनी फुगलेल्या फायली. संपादक खाणीतून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले, बारके, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी दादाचा हात दोन्ही हातांत धरला. मग एक फाइल काढली. तिच्यात दादाची सगळी पत्रं लावलेली होती, पहिल्यापासून. "तुमचं अक्षर पाहूनच पाकीट वळखतो मी," ते म्हणाले. दादानं ती फाइल चाळली. दुपट्ट्याच्या वर त्याचे डोळे भरून आले होते.

पुढचा अर्धा तास मी कुठेच नव्हते. संपादकांनी नव्या अंकाचं प्रूफ त्याच्यापुढे सरकवलं. दादानं खिशातली पेन्सिल काढली, आणि पाच मिनिटांत एका उभ्या शब्दाखाली रेघ मारली. तिथे एक घर कमी पडत होतं. "मायबाप!" संपादक ओरडले. "तीनदा पाह्यलं मी हे! दिसलंच नाई." ते दोघं प्रूफवर डोकी लावून बसले. एक बोलत होता, दुसरा मान हलवत होता, आणि कुणालाच काही खटकत नव्हतं. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच आलो होतो, आता निघावं.

पण दादानं शर्टातून पाकीट काढलं.

संपादकांनी चष्मा वर सरकवून कोडं वाचलं. वाचताना दोनदा हसले, एकदा मांडीवर थाप मारली. मग कागद खाली ठेवला. "मास्तर, कोडं झकास आहे. पन छापता नाई येत."

दादानं लिहिलं आणि पाटी माझ्याकडे दिली. मी मोठ्यानं वाचलं, "'सांबार' हा शब्द चुकीचा कसा?"

"चुकीचा कोन म्हनते? माह्या घरी रोज सांबारच येते. पन छापाची गोष्ट वायली. छापलं की ते सगळीकडे जाते. लोक म्हनतील, हे गावंढळ काय छापून राह्यले."

मी पुन्हा वाचलं, "शब्दकोड्यात शब्द हवेत. हे शब्द नाहीत का?"

संपादकांनी मान खाजवली. दादाचं लिहून होईपर्यंत मला दम निघेना. माझं डोकं सटकलं, आणि मी माझ्या मनानं सुरू झाले. की तुम्हीच तुमच्या भाषेला लाजता, तुमच्यासारख्यांमुळे आपली बोली मरते, स्वतः बोलता एक आणि छापता एक, याला ढोंग म्हणतात. बरंच बोलले. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही मघापासून पुन्याचं बोलून राह्यल्या, न् मले वऱ्हाडी शिकवून राह्यल्या?"

मी समोरची फाइल उगाच सरळ केली. त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. सारवासारव करत ते दादाकडे वळले. "मास्तर, तुम्ही सोता बोला ना. भांडा माह्यासंगं. बहिनीले कायले कामाले लावता? अजून बसलेलाच आहे का घसा?" त्यांनी खिशात हात घातला, घोटलेल्या खर्र्याची पन्नी काढली, सोडली आणि तळहातावर ठेवून दादापुढे धरली. "घ्या. हे टाका तोंडात, पाहा कसा उघडते घसा."

आमच्या जिल्ह्यात ही माया आहे. ज्याच्याशी बरोबरीनं भांडायचं त्याच्यापुढेच पन्नी धरतात.  घसा बसलाय हे मीच सांगितलं होतं.

दादानं त्या तळहाताकडे पाहिलं. मग त्यानं मागे हात नेला, वहिनीनं बांधलेली गाठ सोडली आणि दुपट्टा खाली केला.

संपादकांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांनी दादाचा चेहरा पाहिला, नळी पाहिली, आत गेलेला गाल पाहिला. मग पन्नी मिटायला गेले तर खर्रा प्रूफवर सांडला. तो गोळा करावा की तसाच ठेवावा हे त्यांना कळेना. त्यांचे ओठ खर्र्यानं लाल झालेले होते, ते त्यांनी हाताच्या पाठीनं पुसले.

"छापतो," ते म्हणाले. "याच अंकात छापतो मास्तर. जसंच्या तसं. एक अक्षर नाई बदलवत."

दादानं पाटी घेतली. या वेळी त्यानं अगदी सावकाश, पोरांना कित्ता घालून द्यावा तसं वळणदार अक्षर काढलं, आणि पाटी माझ्याकडे न देता सरळ संपादकांपुढे धरली.

'भाषा तपासली का?'

म्हातारा मान खाली घालून बसला. दादानं कोडं उचललं, घडी घातली, पाकिटात घातलं आणि पाकीट शर्टात. मला राग आला, अगदी खरा राग. ज्याच्यासाठी एवढं केलं ते समोर चालून आलं होतं आणि हा हट्टी माणूस ते परत घेत होता. दयेनं का होईना, छापून तर आलं असतं. मी त्याचा दंड धरला. त्यानं सोडवून घेतला, संपादकांना नमस्कार केला आणि बाहेर पडला. संपादक दारापर्यंत आले आणि पायरीवर उभे राहिले. ते काहीतरी पुटपुटले, ट्रकच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

स्टँडवर नागपूरच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. पलीकडच्या टोकाला नऊवारीतली एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. दादानं दुपट्टा पुन्हा बांधला नव्हता, आणि जाणारे-येणारे बघत होते. मी त्याला पेज दिली. या वेळी सांडली नाही. मग मी म्हणाले, "चुकलंच माझं. घशाचं बोलायला नको होतं." त्यानं मान हलवली, म्हणजे तसं काही नाही. मी म्हणाले, "रिपोर्ट चांगला येईल." त्यावर त्यानं मानही हलवली नाही.

नागपूरची गाडी फलाटाला लागली. लोक उठले, दाराशी गर्दी झाली. मी पिशव्या उचलल्या, दादा उठेना. त्यानं मांडीवर पाटी घेतली. लिहिलं, मग बोटानं पुसलं. पुन्हा लिहायला लागला तर पेन्सिल अडखळत होती, मास्तरचं अक्षर राहिलं नव्हतं. मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल ऑफिसात. सकाळपासून त्याची पाटी मोठ्यानं वाचायची सवय झाली होती, तशी मी वाकले आणि वाचून टाकलं.

"मले भेव लागून राह्यलं."

वीस वर्षांत माझ्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. ते अर्ध्यात आलं तेव्हाच माझा आवाज फाटला. दादा माझ्याकडे बघत होता.

पलीकडच्या म्हातारीनं ते ऐकलं. ती बोचक्यासकट माझ्याकडे सरकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कायचं वो बाई?"

आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.